चिमणीचा जबाब

इंडिकेटर दिला डावीकडचा आणि वळले उजवीकडे. मागून येणारा टेम्पो करकचून थांबला. टेम्पोवाल्याने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओ मावशी, डावं-उजवं कळत नाही तर घरी बसा ना! कशाला लोकांच्या जिवावर उठता?" मी तोंडाची गरीब नाही. एरवी त्याला तिथल्या तिथे असा झाडला असता की पुढचे दोन चौक तो मान खाली घालून गेला असता. पण आज जीभ टाळ्याला चिकटली. स्कूटर कशीबशी कडेला घेतली, एका बंद दुकानासमोर उभी केली आणि हेल्मेट न काढताच त्याच्या पायरीवर बसले. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू येत होता. लोकांच्या जिवावर. त्या मेल्याला काय माहीत होतं? काही नाही. रस्त्यावर दिवसातून दहादा कुणीतरी कुणालातरी असंच म्हणतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला वाटलं, ह्याला कळलंय. माझ्या पाठीवर काहीतरी लिहिलंय आणि ते वाचूनच हा ओरडला. शेजारच्या टपरीतला माणूस वाकून बघत होता. "चक्कर आली का बाई?" त्याने विचारलं. "नाही हो, सहलीला निघालेय," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं, तरी तो असा काही बघायला लागला की मीच उठले आणि स्कूटर चालू केली.

सहलच होती. बुधवार, आडवार, आणि दवाखान्यात आमच्या एक्स-रे विभागाला कुलूप. यंत्र तपासायला बाहेरची माणसं येणार म्हणून मोठ्या डॉक्टरांनी एक दिवस विभाग बंद ठेवला होता. "ताई, तुम्ही आराम करा," ते म्हणाले होते, "तुमचं तर कुठे नावही नाही. जा कुठेतरी, मोकळी हवा खाऊन या." घरी सांगितलं तर आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "समुद्रावर? एकटी? पोहता कुठे येतं तुला?" "बुडायला पोहता यावं लागत नाही," मी म्हणाले. ते हसले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझं कुठलं बोलणं थट्टेचं आणि कुठलं नाही हे त्यांना अजून कळत नाही, आणि मीही कधी कळू दिलं नाही. टॉवेल, टोपी, पाण्याची बाटली पिशवीत कोंबली. "पेट्रोल बघून घे," तेवढं ते म्हणाले.

गेल्या गुरुवारी एक रंगारी शिडीवरून पडला. बरगडी मोडली, तिच्या टोकाने डावं फुफ्फुस फाटलं आणि हवा छातीत साठायला लागली. असं झालं की छातीत नळी घालून ती हवा बाहेर काढतात आणि माणूस वाचतो. साधी गोष्ट आहे. फक्त नळी कोणत्या बाजूला घालायची ते एक्स-रे सांगतो, आणि एक्स-रेने सांगितलं, उजवीकडे. ड्युटीवरच्या डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावून खात्री करायला हवी होती. पण तो छत्तीस तास जागा होता, आणि आमच्या विभागातून फिल्म आली की डोळे मिटून विश्वास ठेवायची सगळ्यांना सवय. त्याने उजवीकडे नळी घातली. धड होतं त्या फुफ्फुसाचंही वाटोळं झालं. शनिवारी सकाळी रंगारी गेला. त्या फिल्मवर नाव चिमणीचं आहे. फिल्म काढली मी.

चिमणी म्हणजे आमच्याकडची दुसरी टेक्निशियन. खरं नाव वेगळं, पण दिवसभर अखंड चिवचिव, म्हणून मीच ठेवलेलं हे नाव. सहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आली, काम मीच शिकवलं. ती सकाळपाळीची, मी दुपारपाळीची. दोनला पाळी बदलते तेव्हा संगणकावरून जाणाऱ्याने आपलं नाव काढायचं आणि येणाऱ्याने आपलं घालायचं, असा नियम. पण ते धूड इतकं जुनं की नाव बदलायला पाच-सहा मिनिटं खातं, आणि दाराबाहेर स्ट्रेचर लागलेले असतात. म्हणून आम्ही ते बदलतच नाही. चिमणीची बस साडेतीनची. सव्वातीनपर्यंत ती थांबायची, दोघी मिळून रांग संपवायचो. मधेच ती डबा खायला मागच्या खोलीत जायची, मी हात चालवायचे, आणि सगळं तिच्या नावावर जमा. वर्षानुवर्षं हेच चाललंय, कुणाला काही वाटलं नाही. त्या गुरुवारी दोन ते सव्वातीनमध्ये सात जणांचे एक्स-रे निघाले. चार तिने काढले, तीन मी. कोणता कुणी, ते तिला आठवत नाही. मला आठवतं. शुक्रवारी, नळी चुकीच्या बाजूला गेल्याची बातमी वरून खाली आली त्या क्षणी आठवलं आणि हातातला चहा मी खाली ठेवला. पण माझ्या आधी चिमणी रडायला लागली. "ताई, माझ्या हातून झालं हो हे," म्हणाली. तेव्हा मी काय करायचं होतं? "थांब गं" एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शहर सुटलं तसा वारा लागायला लागला. रस्ता रिकामा, दोन्हीकडे नुसती गवताळ रानं, मधेच एखादं गॅरेज, टायरांचा ढीग. चाळिसाच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तो कधी साठाला गेला कळलं नाही. आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्याने म्हणून पाहिलं, "चिमणे, ते मी केलं." बरं वाटलं. पुन्हा म्हटलं. मग वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हटलं. "हे बघ, तू रडू नकोस, आधी ऐक." "मोठ्या डॉक्टरांना मी सांगते, तू फक्त गप्प बैस." एका वळणावर तर मी चौकशी समितीसमोर उभी राहिले आणि त्या तिघांना असं काही सुनावलं की बास. मोटारसायकलवरचा एक जण मला ओलांडून गेला तो मागे वळून वळून बघत होता. बघ बाबा, म्हातारी एकटीच बडबडत चाललीय, बघून घे. उद्या अकरा वाजता चिमणीने लेखी जबाब द्यायचा होता. ती वर्षावर्षाच्या करारावरची. जबाब दिला की तिला काढतील, आणि नोंदणी रद्द झाली की दुसरीकडे कुठे कुणी दारात उभं करणार नाही. माझी नोकरी पक्की. मला घरी बसवतील, चौकशी होईल, वर्ष-दोन वर्षं जातील. म्हणजे ती बुडणार आणि मी फार तर भिजणार. असं सरळ गणित असताना मी सहा दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. नोकरीची भीती असती तर मला स्वतःची एवढी किळस आली नसती. नोकरीसाठी माणसं काय वाट्टेल ते करतात, समजू शकतं. मला भीती होती ती त्या तोंडांची. "ताईंच्या हातून?" असं म्हणताना मोठ्या डॉक्टरांचं तोंड कसं होईल, वॉर्डातल्या सिस्टर एकमेकींकडे कशा बघतील, हे मला दिसत होतं. एकोणीस वर्षांत माझी एकही फिल्म परत आली नव्हती. नवीन आलेल्या डॉक्टरांना सांगतात, शंका आली तर ताईंना विचारा. ते ऐकायची जिभेला नाही, कानाला चटक लागते, आणि ती साखरेपेक्षा वाईट.

त्यातून खरी गंमत अशी की मला डावं-उजवं कळतच नाही. टेम्पोवाला बरोबर बोलला. लहानपणी मी डावखुरी होते. आईला ते खपेना. ती माझा डावा हात ओढणीने खुर्चीच्या पाठीला बांधायची आणि समोर पाटी ठेवायची. ती काही दुष्ट नव्हती. बांधताना गाठ सैल आहे ना ते दोनदा बघायची, आणि माझ्याबरोबर स्वतःही रडायची. दोन वर्षांनी मी उजव्या हाताने लिहायला लागले, पण तेव्हापासून आत कुठेतरी जे उलटंपालटं झालं ते तसंच राहिलं. कुणी "उजवीकडे" म्हटलं की माझ्या आत एक कोरी फट पडते. वर्गात सगळ्या मुली वळायच्या आणि मी त्यांच्याकडे बघून वळायचे. पुढे एकदा दारात अंगठा चेमटला, आणि जे नवं नख आलं ते मधोमध दुभंगलेलं आलं. तो उजव्या हाताचा अंगठा. देवानेच खूण करून दिली असं वाटलं मला. एकोणीस वर्षं, प्रत्येक फिल्मवर बाजू घालण्याआधी मी तर्जनी त्या नखावरून फिरवायचे. इतकी सवय की कुणाला दिसायचंही नाही. हे कुणालाच ठाऊक नाही, ह्यांनाही नाही. आंधळ्याने घड्याळं दुरुस्त करावीत आणि गावाने त्याची वाहवा करावी, तसा प्रकार. गुरुवारी ती फिल्म स्क्रीनवर उमटली तेव्हा काहीतरी खटकलं होतं. बोट नखाकडे गेलंही. पण हातात रबरी मोजे होते, आधीच्या माणसाला रक्त येत होतं म्हणून घातलेले. बोट गुळगुळीत रबरावरून फिरलं. मोजा काढायला किती वेळ लागतो? तीन सेकंद. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं.

समुद्र एकदम आला. रस्ता एका चढावर गेला आणि पलीकडे नुसतं पाणी. आडवार असल्यामुळे गर्दी नव्हती. स्कूटर एका भिंतीच्या सावलीत लावली. खुर्च्या भाड्याने देणारा एक माणूस होता, वाळलेला, डोक्यावर टॉवेल. "एक की दोन?" त्याने विचारलं. "मी किती दिसतेय?" मी म्हणाले. "मागून येणारं असतं कुणी," तो म्हणाला. "माझ्यामागून कुणी येत नाही, एकच द्या." त्याने खुर्ची पाण्यापासून बेताच्या अंतरावर रोवली, हलवून बघितली, आणि न सांगता चहा आणून दिला. चप्पल काढून मी पाण्यात गेले. लाट परत जाताना टाचांखालची वाळू ओढून नेते, आपण उभ्या जागी हलकेच खाली जातो, ते मला फार आवडलं. घोट्यापर्यंत गेले, मग गुडघ्यापर्यंत, कपडे भिजले, भिजू दे म्हटलं. शेजारी एक बाप आपल्या लहान मुलीला पाण्याची भीती घालवायला शिकवत होता आणि स्वतःच प्रत्येक लाटेला किंचाळत होता. मुलगी त्याला धीर देत होती. मी खदाखदा हसले. खुर्चीत येऊन बसले, टोपी तोंडावर घेतली, आणि डोळा लागला. अर्धा तास, कदाचित जास्तच. पाच रात्री नीट झोप नव्हती ती तिथे लागली. जागी झाले तेव्हा ऊन पायांवर आलं होतं, ओठांवर मीठ होतं, आणि काही क्षण मला काहीच आठवत नव्हतं, कोण मेलं, कुणी मारलं, काही नाही. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जळो मेलं, हे सांगायलासुद्धा लाज वाटते. तो माणूस मातीत जाऊन चार दिवस झाले आणि मी समुद्रावर पाय पसरून सुखाने घोरत होते.

पिशवीत फोन वाजत होता. चिमणीचे तीन फोन येऊन गेले होते, हा चौथा. आता सांगायचं, मी ठरवलं. रस्ताभर पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आणलं आणि फोन कानाला लावला. "ताई, झोपला होतात का? सॉरी हं. समुद्रावर आहात ना? आवाज येतोय," ती म्हणाली. आवाज बसलेला होता, चिवचिव कधीच आटली होती. "मी जबाब लिहायला बसलेय. मोठे डॉक्टर म्हणाले, घडलं तसं क्रमाने, प्रामाणिकपणे लिही, म्हणजे समिती जरा तरी सांभाळून घेईल. पण ताई, मला घडलेलंच आठवत नाही. सकाळपासून तीन कागद फाडले. मी त्याला उभा केला होता की निजवला होता? काय बोलला तो? मी एक माणूस मारला आणि मला त्याचं तोंड आठवत नाही. असं कसं असेल? मी एवढी दगड आहे का? तुम्ही होतात ना तिथेच. तुम्हाला काही दिसलं होतं का?"

"चिमणे," मी म्हणाले. पुढचे तीन शब्द आले नाहीत. हेल्मेटमध्ये पन्नास वेळा आले होते. मग मला एक पळवाट सुचली. तेव्हा ती पळवाट वाटली नाही, उलट हिंमत वाटली. मला वाटलं, सगळं सांगत जावं. इतकं बारीक, इतकं जवळून सांगावं की तिलाच कळेल. जिने काढला तिच्याखेरीज कुणाला माहीत असणार नाही असं सांगावं. कुठेतरी ती थांबेल आणि म्हणेल, ताई, हे तुम्हाला कसं माहीत? एवढं एक वाक्य ती बोलली की पुढचं मी बोलेन. देवाशपथ बोलेन. "लिहून घे," मी म्हणाले.

"थांबा, पेन घेते. हं."

"त्याला उभं राहता येत नव्हतं. त्याच्या बायकोने धरून स्टुलावर बसवला आणि ती बाहेर गेली. छाती प्लेटला टेकवून बसवला. म्हणजे एक्स-रे पाठीकडून निघाला."

"पाठीकडून," ती लिहिता लिहिता म्हणाली.

"पण संगणकावर बटण समोरूनचं राहिलं. आधीचा पेशंट पलंगावरचा होता, त्याचं समोरूनचं होतं, ते बदललं नाही. म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं आलं."

"हो, राहतं तसं. आणि बाजूचं शिशाचं अक्षर?"

"लावलं नव्हतं. चिकटपट्टी संपली होती. बाजू मागाहून स्क्रीनवर घातली."

"मागाहून घातली," ती पुटपुटली. पेनाचा आवाज मला ऐकू येत होता की मला तसं वाटत होतं, कोण जाणे. तिने काही विचारलं नाही. मी आणखी जवळ गेले. "त्याच्या मानेवर पिवळ्या रंगाचे शिंतोडे होते," मी म्हणाले. "वाळलेले. कानामागे एक मोठा ठिपका. सदरा काढताना बटण तुटलं आणि टेबलाखाली गेलं, ते त्याला वाकून शोधायचं होतं. त्याला म्हटलं, राहू द्या आता. प्लेट टेकली तसा तो दचकला, 'बाई, लई गार आहे हो' म्हणाला. आणि श्वास रोखून धरा म्हटलं तर म्हणतो कसा, 'रोखायला आहे कुठे?' हसू आलं तेव्हा. दोघंही हसले."

मी फोन कानावर दाबून धरला. हा एक्स-रे निघाला तेव्हा ती मागच्या खोलीत डबा खात होती. भिंतीपलीकडे. तिथून मान दिसत नाही, कानामागचा ठिपका तर नाहीच नाही. विचार गं, विचार. एवढी चिवचिव करतेस, एक प्रश्न विचार. तो बाप मुलीला खांद्यावर घेऊन पाण्यातून परत येत होता.

"ताई," चिमणी म्हणाली.

"बोल."

"आठवलं मला." आणि ती रडायला लागली, पण शुक्रवारसारखी नाही, मोकळं, पोटातून. "असंच म्हणाला तो. रोखायला आहे कुठे. हो, हो. आणि मी हसले, ताई. देवा रे, त्या माणसाला श्वास लागलेला आणि मी हसले. तो पिवळा ठिपका मला आत्ता डोळ्यांसमोर दिसतोय. कानामागे ना? दिसतोय मला. बटणसुद्धा." तिने नाक ओढलं. "सहा दिवस मी वेडी व्हायची बाकी होते. वाटायचं, केलं मी, आणि मलाच माहीत नाही. आता निदान कळलं तरी. तुम्ही नसतात तर मी काय केलं असतं?"

मला हलकं वाटलं. लाज वाटायच्या आधी हलकं वाटलं, अंगावरून ओझं उतरावं तसं, बोटांच्या टोकांपर्यंत. सुंठीवाचून खोकला गेला. मग लाज आली, आणि ती अशी आली की माझं तोंड उघडलं. "चिमणे, ऐक—" मी म्हणाले.

"हं ताई?"

खुर्चीवाला माझ्याकडे बघत होता. पाणी बरंच पुढे आलं होतं, खुर्चीच्या पायांना लागत होतं.

"खाली तारीख घाल," मी म्हणाले. "आणि सही पूर्ण नावाची कर."

"करते. उद्या तुम्ही माझ्याबरोबर आत याल ना? मोठे डॉक्टर म्हणाले, एक जण सोबत चालेल. तुम्ही शेजारी बसलात की मला धीर येईल."

"बसेन," मी म्हणाले.